दिवस जाण्याआधीची औषधं

अफानासी निकितिन हा त्वेरचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलच्या बंदरात उतरला. त्याचं स्मारक आज रेवदंड्यात उभं आहे. या देशाबद्दल त्यानं अगदी सुरुवातीला जे टिपून ठेवलं, त्यात एक नोंद अशी की इथल्या बायका दरवर्षी बाळंत होतात आणि पोरं पुष्कळ असतात. बंदरावर पाय ठेवताच त्याला गरोदर बायका दिसल्या. ज्यांना दिवस जात नव्हते त्या त्याच्या नजरेत भरण्याचं कारणच नव्हतं. पण त्या तेव्हाही असणार, आणि त्यांना कोणी ना कोणी मुळी उगाळून देत असणार.

आजही लग्नाला दीड-दोन वर्षं झाली की वाडीतून विचारणा सुरू होते, ‘काय गं, गोड बातमी कधी?’ त्या पाठोपाठ औषधं येतात. कोणी शिवलिंगीच्या बिया आणून देतं. फणसाडच्या बाजूच्या रानातून आलेल्या शतावरीच्या मुळ्या दुधात उकळून घ्यायला सांगितलं जातं. कुणाच्या तरी ओळखीच्या वैद्यबुवांच्या पुड्या येतात, त्यांवर नाव नसतं, फक्त सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं असतं. आणि आता मोबाइलवरून मागवलेला चिनी वनस्पतींचा चहा येतो, मुंबईत कुणाला तरी गुण आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरचा पत्ता येतो. घेणारी मात्र बहुतेक वेळा एकटीच असते. नवरा घेत नाही, कारण त्याला काही झालेलं नाही असं सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

या औषधांबद्दल बोलताना आपण चटकन दोन गटांत विभागले जातो. एका गटाला आपलं ते सगळं सोनं वाटतं, दुसऱ्याला झाडपाला म्हटला की थोतांड वाटतं. मला दोन्ही गट त्या बाईच्या काही कामाचे वाटत नाहीत. औषध देशी की परदेशी, जुनं की नवं, यावरून तिला काहीच कळत नाही. ते घेतल्यानं किती जणींना मूल झालं आणि न घेता किती जणींना झालं, ही मोजणी कोणी केली आहे का, एवढाच प्रश्न तिच्या उपयोगाचा आहे. आणि ही मोजणी होईपर्यंत तिचे किती महिने खर्ची पडणार, हा त्याला लागूनच आलेला दुसरा.

चिनी औषध या किनाऱ्याला नवं नाही. निजामशहाच्या परवानगीनं पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधला त्यानंतर काही वर्षांनी, १५३५च्या सुमारास, चीनहून एक मूळ पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेनं पश्चिम किनाऱ्यावर आलं. तीच आपली चोपचिनी. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्यात आला होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचं जाणं-येणं होतं. १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्यानं एक अख्खा संवाद या मुळाला दिला. आपले वैद्यही मागे राहिले नाहीत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात फिरंग रोग, म्हणजे सिफिलिस, नावानिशी आला आणि त्यावर द्वीपांतरवचा म्हणून चोपचिनीही आली. परदेशी रोग आणि परदेशी मूळ या दोन्हींना संस्कृत ग्रंथात इतक्या लवकर जागा देणारे ते वैद्य आजच्या ‘शुद्ध परंपरे’च्या कैवाऱ्यांपेक्षा कितीतरी मोकळ्या मनाचे होते. युरोपात सम्राट पाचवा चार्ल्स संधिवातावर हेच मूळ घेत होता, आणि शरीरशास्त्रज्ञ वेसालियसनं १५४६मध्ये त्यावर एक दीर्घ पत्र प्रसिद्ध केलं.

इतका मान मिळालेल्या या औषधानं सिफिलिस मात्र बरा होत नव्हता. मग शतकानुशतकं शहाण्या माणसांना तो बरा होताना कसा दिसला? सिफिलिसचा पहिला व्रण काहीही न करता तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. नंतर अंगावर उठणारं पुरळही आपोआप मावळतं. रोगी काही आठवडे पथ्यपाण्यानं काढा घ्यायचा, तेवढ्यात व्रण जायचा आणि श्रेय मुळाला मिळायचं. रोग आत तसाच राहायचा. वर्षांनी तो मज्जासंस्थेवर आणि हृदयावर निघायचा, बायकांना लागायचा, त्यांचे गर्भ पडायचे, मेलेली मुलं जन्मायची. १९४३मध्ये पेनिसिलिननं हा रोग खरोखर बरा होतो हे दिसलं, तेव्हा हा चारशे वर्षांचा गैरसमज संपला. त्यात कोणी लबाडी केली असं नाही. वैद्यानं मनापासून औषध दिलं, रोग्यानं मनापासून घेतलं, दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. चूक एवढीच की मूळ न घेणाऱ्यांचं काय होतं हे कोणी शेजारी बसून पाहिलं नाही.

दिवस जाण्याच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. गर्भधारणा ही मुळात आपोआप होणारी गोष्ट आहे. उशिरा होते, अनियमित होते, पण ‘होत नाही’ म्हणून बसलेल्या अनेक जोडप्यांना पुढे काहीही न करता मूल होतं. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा चीनमधूनच आला, आणि तोही पारंपरिक चिनी वैद्यकाच्या विद्यापीठातून. हेइलाँगजियाँग चिनी वैद्यक विद्यापीठाच्या वू शियाओके आणि सहकाऱ्यांनी पीसीओएस, म्हणजे आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात तो त्रास, असलेल्या १००० स्त्रियांचे चार गट केले. काहींना खरं अ‍ॅक्युपंक्चर, काहींना नावापुरतं. काहींना क्लोमिफीन ही बीज पक्व करणारी गोळी, काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. निकाल २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी शंभरात अठ्ठावीस-एकोणतीस जणींना मूल झालं, सुया खऱ्या असोत वा नावापुरत्या. खरी सुई आणि निर्गुण गोळी मिळालेल्यांत चौदा जणींना झालं. आणि ज्यांना सुईही नावापुरती आणि गोळीही निर्गुण मिळाली, त्यांच्या गटात शंभरात जवळजवळ सतरा जणींना मूल झालं.

या सतरा जणींवर थोडं थांबायला हवं. त्या रेवदंड्यात असत्या तर त्यांतल्या प्रत्येकीनं कुठल्या ना कुठल्या औषधाचं नाव घेतलं असतं. एकीनं शिवलिंगीचं, दुसरीनं चिनी चहाचं, तिसरीनं चौलच्या दत्ताला बोललेल्या नवसाचं. तिच्या घरात जन्मलेलं मूल खरं, तिची कृतज्ञता खरी, आणि तिनं जावेला दिलेला सल्लाही प्रेमानं दिलेला. पण हाच काढा घेऊन ज्या त्र्याऐंशी जणींना दिवस गेले नाहीत, त्या ओटीवर बसून आपली हकीकत सांगत नाहीत. गावाच्या स्मृतीत फक्त सतरा उरतात. झाडपाल्याची कीर्ती अशी तयार होते, आणि ती कोणी खोडूही शकत नाही, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट घडलेली असते.

मला या चाचणीचं आणखी एका कारणानं कौतुक वाटतं. आपल्याच परंपरेच्या विद्येची परीक्षा घ्यायची आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो जगापुढे मांडायचा, याला धैर्य लागतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ करून घेणाऱ्या ८४८ स्त्रियांवर अशीच चाचणी झाली. २०१८च्या निकालात खऱ्या सुयांच्या गटात आणि नावापुरत्या सुयांच्या गटात शंभरात सारख्याच, सुमारे अठरा जणी आई झाल्या. बर्बेरिन हे आपल्या दारुहळदीतलंही द्रव्य. चीनमध्ये पीसीओएसच्या ६४४ स्त्रियांवर ते लेट्रोझोल या गोळीबरोबर तपासलं गेलं. एकट्या लेट्रोझोलनं शंभरात छत्तीस जणींना मूल झालं, बर्बेरिन जोडून चौतीस, नुसत्या बर्बेरिननं बावीस. महाराष्ट्रानं अ‍ॅक्युपंक्चरला २०१५च्या स्वतंत्र अधिनियमानं मान्यता दिली आहे. अशा मान्यतेबरोबर मोजणीची जबाबदारीही यायला हवी, आणि ती शतावरीला, अशोकारिष्टाला, फलघृतालाही तितकीच लागू आहे. शतावरीचे उंदरांवरचे प्रयोग भरपूर आहेत. बायकांना मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या हव्यात.

‘गुण नाही आला तर नाही, पण अपाय तर नाही ना?’ हा पुढचा युक्तिवाद. अपाय आहे, आणि पहिला अपाय कॅलेंडरवर होतो. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पुढे गेलं असेल तर सहा महिने वाट पाहून दोघांनी तपासून घ्यावं, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. बीजांडं वयानुसार कमी होत जातात आणि परत भरत नाहीत. तेहतिसाव्या वर्षी सुरू झालेला ‘आधी हे करून बघू’चा सिलसिला तीन वैद्य, दोन चहा आणि एक नवस करून सदतिसाव्या वर्षी दवाखान्यात पोचतो, तेव्हा गमावलेली वर्षं कुठलीच पद्धत परत देऊ शकत नाही. गर्भनलिका बंद असतील तर काढ्यानं उघडत नाहीत. आपल्या देशात त्या बंद होण्यामागचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. गर्भाशयाचा आणि नलिकांचा क्षय खोकला न येताही होतो, आणि त्यावर क्षयाचीच औषधं लागतात.

आणि नवरा. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असतं. वीर्यतपासणीला काही शे रुपये लागतात, भूल लागत नाही, दुखत नाही. तरीही तिची सोनोग्राफी, तिचं रक्त, तिच्या नळ्यांची तपासणी, तिचे काढे असं सगळं उरकल्यावर, कधी कधी वर्षांनी, त्याला भीतभीत विचारलं जातं. मला या सगळ्या विषयात याच्याइतकी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही. कुठलाही वैद्य, मग तो आयुर्वेदाचा असो, चिनी असो वा अ‍ॅलोपॅथीचा, नवऱ्याला न बघता बायकोला गर्भ राहण्याचं औषध देत असेल तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

आमच्या किनाऱ्यावर आणखी एक साधं कारण असतं आणि ते कोणी तोंडानं बोलत नाही. नवरा बोटीवर असतो, ट्रॉलरवर असतो, किंवा मुंबईला कामाला असून शनिवारी रात्री येतो. संशोधक विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून दाखवलं की गर्भ राहू शकतो असे दिवस महिन्यात साधारण सहा, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. हे सहा दिवस मंगळवार ते रविवार असे पडले तर ठीक, पण नवरा समुद्रावर असताना पडले तर तो महिना गेला. अशी वर्षभर चुकामूक होऊ शकते, आणि त्या वर्षभर ती वांझपणाचं औषध घेत असते. तिला औषधाची नव्हे, पाळीच्या तारखा लिहून ठेवायला सांगणाऱ्या माणसाची गरज असते.

दुसरा अपाय शरीराला. २०११-१२मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसं सापडलं. त्या भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. तपासात अशी दहा औषधं निघाली, त्यांतली अनेक गर्भासाठी म्हणूनच विकली जाणारी. शिसं हाडांत साठून राहतं, गरोदरपणी रक्तात उतरतं आणि वारेतून बाळाच्या मेंदूपर्यंत जातं. २००८च्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. भस्मांची परंपरा मोठी आहे, शोधन-मारणाचे विधी आहेत, हे मला माहीत आहे. पण नाव नसलेल्या पुडीतलं भस्म कोणी, कुठे, कसं मारलं हे घेणारीला कधीच कळत नाही. चिनी औषधांचीही तीच गत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायला चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं कायमची गेली. एका वनस्पतीऐवजी गोळीत सापसणीच्या कुळातली दुसरीच वनस्पती गेली होती. आपल्या कोकणातली सापसण त्याच कुळातली, आणि तिचा जुना वापर तर पाळी आणण्यासाठी, गर्भ पाडण्यासाठी. मूळ वाळलं, कुटलं, की ते कशाचं हे दुकानदारालाही ओळखता येत नाही.

तिसऱ्या अपायाबद्दल मला मवाळपणे लिहिता येत नाही. शिवलिंगीच्या बिया खोंड असलेल्या गाईच्या दुधातून द्यायच्या असतात, कारण मागणी मुलाची असते. पुत्रजीवक नावाच्या बियांवरून २०१५मध्ये राज्यसभेत गदारोळ झाला. हे झाडाचं नाव आहे, औषध वंध्यत्वावरचं आहे, असं उत्पादकांचं म्हणणं होतं. २०१७मध्ये महाराष्ट्रातल्या आयुर्वेद पदवीच्या अभ्यासक्रमात पुत्रप्राप्तीचे उपाय शिकवले जातात अशी तक्रार झाली. आणि हरियाणात, जिथे मुलासाठीची गावठी औषधं दिवस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत घेतली जातात, तिथल्या अभ्यासात ती औषधं आणि बाळातली जन्मजात व्यंगं यांचा संबंध आढळला. ज्या आठवड्यांत बाळाचं हृदय आणि कणा घडत असतो, त्याच आठवड्यांत हे दिलं जातं. १९५४चा औषधं व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा स्त्रीच्या वंध्यत्वावरच्या औषधांची जाहिरात करायला मनाई करतो, आणि २००३च्या दुरुस्तीपासून गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा आहे. पुडी देणाऱ्याला हे सांगायला मात्र कोणी जात नाही.

तरीही बाया तिकडे का जातात, हे समजून न घेता त्यांना शहाणपण शिकवणं मला पटत नाही. आयव्हीएफच्या एका खेपेला लाखाच्या वर खर्च येतो. मोठ्या दवाखान्यात तिला पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन कागद चाळण्यात जातात. वैद्यबुवा नाडी धरतात, झोप कशी, भूक कशी, सासरी कसं, सगळं विचारतात. रोज सकाळी काहीतरी करायला देतात, आणि वाट बघणाऱ्या बाईला करायला काहीतरी हवं असतं. शिवाय जुन्या आयुर्वेदाकडे शहाणपण नव्हतं असं नाही. गर्भासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चार गोष्टी हव्यात असं सुश्रुतानं सांगितलं आहे. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण, आणि दोघांचं बीज. जो वैद्य आज हे चारही खरोखर तपासेल, तो नवऱ्याची वीर्यतपासणी आधी सांगेल, तारखा लिहायला लावेल, आणि गर्भाशयासाठी सोनोग्राफीला पाठवेल. असे वैद्य आहेत, आणि त्यांच्याकडे जाण्याला माझा काहीच विरोध नाही. फक्त तिथे जे घेतलं त्याचं नाव, बाटली, पुडी, सगळं डॉक्टरांपुढे ठेवावं. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३मध्ये तिच्यावर बंदी घातली. बीज वाढवणाऱ्या इंजेक्शनांबरोबर कोण काय घेतंय हे डॉक्टरांना ठाऊक असलंच पाहिजे. पण ‘झाडपाला घेतला’ म्हटलं की डॉक्टर ओरडतात, म्हणून ती सांगत नाही. ही चूक ओरडणाऱ्याची आहे.

दिवस जाण्याआधी घेण्याजोगं, पूर्ण सिद्ध झालेलं एक औषध आहे, आणि त्याची कथा मुंबईची आहे. १९२८मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. कापड गिरण्यांतल्या गरीब गरोदर बायकांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा, तो लोहानं बरा होत नव्हता. तिनं आहार तपासले, बदलून पाहिले, आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्कानं त्या बऱ्या होतात हे दाखवून १९३१मध्ये छापलं. त्यातलं द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखलं गेलं. स्वयंपाकघरातलाच पदार्थ तो, पण त्याची रीतसर परीक्षा झाली. १९९१मध्ये सात देशांतल्या ३३ केंद्रांच्या चाचणीनं दाखवलं की आधीच्या बाळाला कण्याचं व्यंग असलेल्या आयांनी दिवस जाण्याआधीपासून फॉलिक आम्ल घेतलं, तर पुढच्या बाळात ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घटतं. कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी मिटते, म्हणजे बहुतेक जणींना पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा. म्हणूनच मूल हवं असणाऱ्या बाईनं रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून घ्यावी, असं सरकारी कार्यक्रमातही लिहिलेलं आहे.

प्रत्यक्षात ती गोळी तिला बहुधा गरोदरपणाची नोंद झाल्यावर मिळते, नळी मिटून कित्येक आठवडे लोटल्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या भेटीतच आशाताईनं ती हातात द्यावी. ‘दिवस जात नाहीत’ म्हणून कोणी बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात आली, तर केसपेपरवर तिच्या नावाशेजारी नवऱ्याचं नाव लिहावं, त्याची तपासणी त्याच आठवड्यात अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात व्हावी, आणि ती काय काय झाडपाला घेते हे न रागावता विचारून त्याच कागदावर उतरवावं. आयव्हीएफ लागलंच, तर तेही सरकारी रुग्णालयात होऊ शकतं. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३पासून ते मोफत सुरू झालं. देशातल्या पहिल्या टेस्ट-ट्यूब बाळांपैकी एक, हर्षा, १९८६मध्ये मुंबईच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात जन्मली. रायगडच्या बायकांना ही सोय सरकारी दवाखान्यात मागायचा पूर्ण हक्क आहे.